नंजनगूडचा हत्तीवाला

विजयनगर, म्हैसूर
१२ जून २०२५

रजनीबाईंना नमस्कार,

कोर्टानं तुमच्या मुलाचं आणि माझ्या मुलीचं नातं संपवलं, तेव्हा आपल्या दोघींचं काय करायचं ते कागदावर काहीच लिहिलं नव्हतं. मी वकिलांना विचारलंही होतं. ते नुसते हसले. म्हणून मी आपली जुन्याच नात्यानं हाक मारते, विहीणबाई. भव्यानं मला बजावलंय, "अम्मा, त्यांना फोन करायचा नाही." फोन म्हणाली. पत्राचं काही बोलली नाही.

माझं मराठी तुम्हाला माहीत आहे. आमच्या घराण्यानं म्हैसूरच्या राजांच्या घोडदळात चाकरी धरली त्याला कितीतरी पिढ्या झाल्या. घरात मराठी बोलतो, पण भाजी कन्नडात घेतो आणि भांडतोही कन्नडातच. शाळेत शिकलेल्या हिंदी अक्षरांवर हे लिहिते आहे. चुका पदरात घ्या.

आता मुद्द्याचं. तुमचा विक्रांत कुठं आहे?

कडकोळच्या कारखान्यातली नोकरी त्यानं सोडली हे मला आज कळलं. पावनीच्या पोटगीचे पैसे तो उशिरा द्यायचा, एखादा महिना चुकवायचाही. म्हणून कोर्टानं कारखान्यालाच कळवलं की याच्या पगारातून परस्पर कापून पाठवा. एकदाच कापले गेले. पुढच्या महिन्यात यानं राजीनामा दिला. पगारच नाही तर कापणार काय! आता खोलीला कुलूप, फोन बंद, कोर्टाचे कागद परत येतात. दसऱ्याच्या सुट्टीनंतर तारीख आहे. तेव्हाही आला नाही तर वॉरंट निघेल असं वकील म्हणतात.

पैशाचं एक वेळ राहू द्या. भव्या कापडाच्या दुकानात हिशेब बघते, आम्ही दोघं आहोत. पण महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तो पावनीला भेटायला यायचा, तेही थांबलं. फाटकात कुणी कागद हातात देईल म्हणून येत नाही, एवढं न कळायला मी खुळी नाही. पोर सात वर्षांची आहे. त्या रविवारी चांगला फ्रॉक घालून पायरीवर बसते, मग उठते आणि जेवायला येते. रडत नाही, रागावत नाही. ते मला बघवत नाही. तुम्ही आई आहात, तुमचं तरी ऐकेल.

तुमची विहीण,
सरस्वतीबाई


कोल्हापूर
२४ जून २०२५

विहीणबाई, नमस्कार.

तुमचं पत्र पोस्टमननं दारात दिलं तेव्हा मी एका नवरदेवाचा फेटा बांधत होते. लग्नाचे तयार फेटे घरी बसून बांधायचं माझं काम अजून चालू आहे. पत्र वाचता वाचता त्याचा तुरा वाकडा झाला, तो सोडून पुन्हा बांधला.

विक्रांतचा ठावठिकाणा मला माहीत नाही. नोकरी सोडली तेव्हा एकदाच बोलला. म्हणाला, "आई, पगाराच्या खिडकीशी एकानं सगळ्यांसमोर विचारलं, काय पोवार, पगाराला कुलूप लागलं का? माझ्या लेकीला मी देईन, पण माझ्या हातानं देईन." मी म्हटलं, अरे, तुझा हात वेळेवर उठत नव्हता म्हणूनच तर ही वेळ आली. त्यावर फोन ठेवला. बापावर गेलाय. हे असते तर दोघांनी मिळून माझं डोकं खाल्लं असतं.

मुलगा माझा आहे म्हणून त्याचं चुकलं नाही असं मी म्हणणार नाही. पण त्याचे हात फार चांगले आहेत हो. बंद पडलेलं यंत्र त्याच्यापुढं ठेवलं की त्याला तहानभूक राहत नाही. त्या हातांना काम असेल कुठंतरी, एवढीच मला आशा आहे. काही कळलं तर कळवीन.

पावनीला माझा गालगुच्चा.

रजनी


विजयनगर, म्हैसूर
३ ऑगस्ट २०२५

विहीणबाई,

तुमच्याकडून काही कळलं नाही, तेव्हा आता आनंदाचीच बातमी लिहिते. एकटी वाईट बातम्या किती लिहू?

नवरात्रात आमच्याकडं घरोघर बाहुल्या मांडतात हे तुम्ही ऐकलं असेल. पायऱ्या रचायच्या, वर राजाराणी, खाली देव, शेवटी वाणी, हत्ती, घोडे. गल्लीतले लोक बघायला येतात, त्यांना चुरमुऱ्याचे लाडू द्यायचे. यंदा पावनीनं हट्ट धरलाय की दसऱ्याची मिरवणूक चालती पाहिजे. तिच्या मैत्रिणीनं कुठंतरी तसली बघितली.

आमच्या यांना तेवढंच निमित्त पुरे. बाहुल्यांचं दुकान चालवणारा निशांत म्हणून एक पोरगा आहे, त्याला गाठलं. तो म्हणाला, नंजनगूडला एक माणूस आहे, फिरत्या पट्ट्यावर मिरवणूक चालवतो. हत्ती पाय टाकतो, सोंड उचलून सलाम करतो, घोडी मान हलवतात. पण माणूस विचित्र. कुणाला भेटत नाही, नाव सांगत नाही, बिल देत नाही, पैसे रोख घेतो आणि तेही निशांतच्या हातून. सगळे त्याला नंजनगूडचा हत्तीवाला म्हणतात. हे म्हणाले, "इरली, असू दे, नाव घेऊन काय करायचंय? हत्ती चालला म्हणजे झालं." ऑर्डर देऊन आले.

पावनीनं निशांतबरोबर निरोप धाडलाय की हत्तीचे डोळे प्रेमळ असू देत.

सरस्वतीबाई


कोल्हापूर
११ ऑगस्ट २०२५

विहीणबाई, घाईत चार ओळी. हत्तीवाला चांगला माणूस असेल असं मला उगीचच वाटतं. कामाला चुकणार नाही. बरं, मिरवणुकीत घोडेस्वार किती आहेत? त्यांची डोकी केवढी? सहज विचारलं.

रजनी


कोल्हापूर
११ ऑगस्ट २०२५

चि. विक्रांत,

नवा फोन नंबर मला देत नाहीस, म्हणे "तू विहिणीला सांगशील." मग हे पत्रच वाच. निशांतच्या दुकानात पार्सल आलंय ना, त्यात तू मागितलेले फेटे आहेत. लिंबाएवढ्या डोक्यांवर फेटा बांधणं सोपं नसतं बाबा. चष्मा लावून, चिमटा घेऊन बसले. प्रत्येकाला शेमला सोडलाय, वर तुरा उभा केलाय. कसे बांधू म्हणून चिठ्ठीत विचारलं तर तू लिहिलंस, तुझे नेहमीचे बांध. तसेच बांधलेत.

आता नीट बसून घे. ही ऑर्डर कुणाची आहे माहीत आहे का? विजयनगरची. तुझ्या सासऱ्यांची. प्रेमळ डोळ्यांचा हत्ती तुझ्या लेकीला हवाय.

तुझ्यासाठी मी त्या बाईशी खोटं बोलले. पहिल्यांदा जड गेलं, आज तर ठाऊक असलेलीच डोकी केवढी म्हणून विचारून बसले, सहज जमलं, आणि त्याचीच मला भीती वाटली. विक्रांत, तू लपलास कशासाठी? पगार कापू नये म्हणून. मग पगारच गेला. फाटकात कागद मिळू नये म्हणून रविवार सोडलास. असा एकेक तुकडा वाचवायला जाशील तर आख्खा तूच शिल्लक राहणार नाहीस. माझं वाक्य तुला आवडणार नाही, पण आईनं लिहिलंय, वाचावंच लागेल.

आई


नंजनगूड
२० ऑगस्ट २०२५

आई,

फेटे बघून निशांत वेडा झाला. एक आपल्या अंगठ्यावर घालून दिवसभर हिंडला.

ऑर्डर कुणाची ते मला ठाऊक नव्हतं. तुझं पत्र वाचून मी केलेला हत्ती बाजूला ठेवला आणि नवीन घेतला. आधीचा चांगला होता, पण त्याचे डोळे जरा कारकुनासारखे होते.

कारखान्यात पॅकिंगच्या पट्ट्यावर खोकी पळवायचो. इथं त्याच पट्ट्यावर हत्ती पळवतो. खोकी पळवताना कधी गाणं म्हटलं नव्हतं, इथं म्हणतो. शेड लहान आहे, वर पत्रा आहे, पण आई, मी खूश आहे. एकच खुपतं. म्हैसूरच्या एका मोठ्या हॉटेलानं निशांतला विचारलं, आमच्या दिवाणखान्यात कायमची मिरवणूक करून देईल का तुमचा माणूस? वर्षभर देखभालीचं काम मिळणार होतं. पण त्यांना बिल हवं, नाव हवं, बँकेचं खातं हवं. मी नाही म्हटलं. नाव लिहिलं की कोर्ट आलं, कोर्ट आलं की कापाकापी आली. निशांत दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

विजयनगरला निशांतच जाऊन मांडून येईल. मी जाणार नाही. पट्ट्याला मी एक जागा केली आहे, तिथं हत्ती थांबतो आणि सोंड उचलतो. तिथं पावनीची खुर्ची ठेवा म्हणून सांगितलंय. एवढं मला पुरे आहे असं मी स्वतःला समजावतो.

विक्रांत


विजयनगर, म्हैसूर
२५ सप्टेंबर २०२५

विहीणबाई,

मिरवणूक मांडून झाली. काय सांगू! गल्लीच काय, पलीकडच्या गल्लीतले लोकही येऊन गेले. माझे लाडू तिसऱ्या दिवशीच संपले, पुन्हा करायला बसले. हत्ती डुलत डुलत येतो आणि नेमका पावनीच्या खुर्चीसमोर थांबून सलाम करतो. ती उठून त्याला परत सलाम करते. दर वेळी. भव्या इतकी हसली की कितीतरी महिन्यांनी तिचे मागचे दात मला दिसले.

आणि आता ऐका. पहिल्या दिवशी आमचे हे आरामखुर्चीतून उठले, चष्मा लावला, घोडेस्वारांपाशी वाकले आणि ओरडले.

"सरस्वती! नोडु इल्ली, इकडं बघ! हा काय म्हैसूरचा पेटा आहे का? मागं शेपूट लोंबतंय!"

मी म्हटलं, "असू दे हो, छान दिसतंय, अल्लवा?"

"छान? आमच्या आजोबांचा फोटो बघ. चापून बांधलेला, पुढं जरीची पट्टी. असला तुरा उडवत आमचे आजोबा दरबारात गेले असते तर घोड्यासकट हाकलले असते. हे स्वार म्हैसूरचे नाहीतच. हे कोल्हापूरचे आहेत!"

म्हैसूरच्या स्वारांचं खरंखोटं चामुंडीला ठाऊक, पण कोल्हापूर म्हटल्याबरोबर यांनी चष्मा काढला. माझ्याकडं बघायला लागले. मी एक स्वार उचलला आणि फेटा कानामागून उलटा करून बघितला. आत दडवलेला टाका होता. लग्नाच्या दिवशी तुम्ही यांना फेटा बांधला होता आणि "व्याह्यांचं डोकं फार हलतं" म्हणून कानामागं गुपचूप टाका घातला होता, तोच. तो उसवायला मला त्या रात्री कात्री लागली होती.

विहीणबाई, "घोडेस्वारांची डोकी केवढी, सहज विचारलं" काय? तुमच्यासारखी सहज विचारणारी बाई मी जन्मात बघितली नाही!

भव्याला अजून काही सांगितलेलं नाही. पण यांनी निशांतला निरोप दिलाय की हत्तीवाल्यानं स्वतः यावं आणि पेटे नीट करून द्यावेत. कशाला बोलावताय म्हणून विचारलं तर मिशीला पीळ देतात.

सरस्वतीबाई


कोल्हापूर
२७ सप्टेंबर २०२५
(स्पीड पोस्टानं)

विहीणबाई,

पकडली गेले. फेटे माझेच. मुलगाही माझाच. तुमच्याशी खोटं बोलले त्याबद्दल भेटल्यावर कान धरीन, तुम्ही पिळा.

तुम्ही ओळखलंत हे मी त्याला कळवू शकले असते. पार्सलात चिठ्ठी घातली की झालं. पण कळवणार नाही. कळवलं तर तो तिथूनही पळेल, आणि पुढच्या वर्षी कुठल्या गावात हत्ती करत बसेल कोण जाणे. व्याह्यांना त्याला कागद द्यायचा असेल तर देऊ देत. वॉरंट निघायचं असेल तर निघू दे. मी मध्ये येणार नाही.

फक्त एक मागते. पावनीसमोर नको. तिनं आपल्या बापाला हात जोडताना बघू नये. मला रात्री झोप लागत नाही हो.

रजनी


विजयनगर, म्हैसूर
३ ऑक्टोबर २०२५

विहीणबाई,

आधी एक खोल श्वास घ्या आणि कान सोडा. सगळं ठीक आहे. आता सविस्तर.

आमच्या यांचा निरोप गेला, उत्तर आलं की पेटे पुढच्या वर्षी बदलून देऊ. म्हणजे तुमचा चिरंजीव काही येत नव्हता. हे हिरमुसले. पण जे यांच्या निरोपानं झालं नाही ते एका केळ्यानं झालं. आठव्या दिवशी पावनीला वाटलं, हत्ती इतका चालतो, त्याला भूक लागली असेल. तिनं केळं सोलून त्याच्या सोंडेखाली कोंबलं. ते पट्ट्यात गेलं. हत्ती एक पाय वर करून थांबला तो थांबलाच. पोर असं रडली की निशांत घाबरला. त्यानं खटपट केली, जमलं नाही. ती त्याला म्हणाली, "हत्तीच्या डॉक्टरला बोलवा ना अंकल, केळं मी दिलं, माझी चूक आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आयुधपूजा. रस्त्यात जिकडंतिकडं कुंकू भरलेले कोहळे फोडलेले, गाड्यांना झेंडूच्या माळा. भव्या दुकानातल्या पूजेला गेली होती. एवढ्यात दारात एक मनुष्य. डोक्यावर हेल्मेट, काच खाली ओढलेली, हातात हत्यारांची पिशवी. कन्नडात म्हणाला, "आने रिपेरी." हत्ती दुरुस्ती! आणि ते कन्नड ऐकून आमचे हे खुर्चीत सरळ होऊन बसले. इतकं वाईट कन्नड आमच्या घरात एकच माणूस बोलायचा.

पण ओळख कुणीच दाखवली नाही. तो हेल्मेट घालूनच पालथा पडून पट्टा उघडत होता, हे हेल्मेटकडं बघत होते, पावनी शेजारी मांडी घालून बसली होती. ती एकेक हत्यार हातात देत होती. केळं निघालं. हत्ती चालायला लागला, खुर्चीसमोर थांबला, सलाम केला. हेल्मेटवाला उठला, पिशवी घ्यायला वळला, तर पिशवी रिकामी.

आमच्या यांनी तेवढ्यात सगळी हत्यारं देवघरात नेली होती. आमच्या पूर्वजांच्या तलवारीशेजारी पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर ओळीनं मांडले, कुंकू लावलं, फुलं वाहिली.

"सर, मला जायचंय," हेल्मेट मराठीत म्हणालं. घाबरल्यावर कन्नड कुठलं आठवतंय!

"जा की," हे म्हणाले. "पण पूजेला बसलेलं हत्यार विजयादशमीची पूजा होईपर्यंत हलवायचं नसतं. आमच्याकडं तलवार हलवत नाहीत, तुमचा पाना कोण लागून गेला? हत्यारं सोडून जायचं तर जा. नाहीतर उद्यापर्यंत बस सुम्मने, गुपचूप."

हत्यारांशिवाय तो कुठं जाणार? दसऱ्याला आणखी तीन घरांतल्या मिरवणुका त्याच्यावर अवलंबून. उभा राहिला तसाच. तेव्हा पावनी म्हणाली, "पप्पा, हेल्मेट काढा ना. तुम्हाला किती घाम आलाय."

तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, विहीणबाई! हत्यार मागताना तो हात कसा पुढं करतो त्यावरून. आम्ही दोघं म्हातारे मोठे हुशार समजत होतो स्वतःला.

हेल्मेट निघालं. तो रडत होता आणि ती हसत होती. हात जोडायची वेळ कुणावर आली नाही, तेवढं तुम्हाला मुद्दाम लिहिते.

मग भव्या आली. ती दारातच थांबली, त्याच्याकडं बघितलं, हत्तीकडं बघितलं. "हा तू केलास?" म्हणाली. त्यानं मान हलवली. ती आत गेली, पाणी प्यायली, बाहेर आली आणि जे बोलली ते मी शब्दाशब्दानं लिहिते.

"पाच महिने मी विचार करतेय की हा दारू पीत पडलाय की काय. आणि तू हत्ती करत होतास. सांगायला काय झालं होतं?"

तो हॉटेलचं बोलला. नाव लिहिलं असतं तर कोर्टानं कापलं असतं, म्हणून काम सोडलं म्हणाला. भव्या अशी चिडली!

"कापू दे ना! आधी कापायला काहीतरी असू दे! माझ्या मुलीचा बाप एवढं चांगलं काम करतो आणि त्याचं नाव लोकांना सांगता येत नाही, हे मला जास्त लागतं. दहा तारखेला कोर्टात ये. कुणी पकडून आणायच्या आधी स्वतः ये. काय कमावतोस ते सांग, झेपेल तेवढं ठरवून घे. मी भांडणार नाही. पण लपलास तर मात्र सोडणार नाही, सांगून ठेवते."

तो खाली बघत म्हणाला, "येतो." नुसतं येतो म्हणाला, पण मी त्याला आधी कधी एका शब्दात बोलताना ऐकलं नव्हतं.

हत्यारं देवघरातच राहिली. काल पूजा झाल्यावर तो येऊन घेऊन गेला, जेवून गेला. दोघं पुन्हा एकत्र येतील अशी आशा मात्र लावून घेऊ नका. मी रात्रभर लावली होती, भव्यानं सकाळी कॉफी गाळता गाळता मोडली. "अम्मा, ते बेडा, ते नको," म्हणाली. तेव्हा ते नको. जे आहे तेही पुष्कळ आहे. मी काल रिकाम्या स्वयंपाकघरात एकटीच नाचले, कुणाला सांगू नका.

सरस्वतीबाई


नंजनगूड
१२ ऑक्टोबर २०२५

आई,

पोटात इतकी कॉफी आहे की आज झोप काही येणार नाही. म्हणून आजच लिहितो.

परवा कोर्टात गेलो. सासरे सोबत आले, मागच्या बाकावर छाती काढून बसले. जज्जबाईंनी विचारलं, काम काय करता? पाच महिने हा प्रश्न मी टाळत हिंडलो होतो. म्हटलं, "हत्ती चालवतो." त्यांनी विचारलं, माहूत आहात? म्हटलं, नाही मॅडम, लाकडाचे. अख्खं कोर्ट हसलं. त्याही हसल्या. मग मी सगळं सांगितलं, शेड, निशांत, रोख पैसे, हॉटेल. मागची बाकी हप्त्याहप्त्यानं द्यायची ठरली, आणि दर महिन्याची पोटगी माझ्या खात्यातून आपोआप जाईल असं मीच बँकेला लिहून दिलं. सही करताना जी चीड पगाराच्या खिडकीशी आली होती ती आली नाही. जरा आली, खोटं कशाला बोलू. पण तिथून थेट हॉटेलात गेलो, त्यांचं काम घेतलं आणि पहिल्यांदा बिलावर माझं नाव घातलं. निशांतनं ते बिल तीनदा वाचलं.

आज दुसरा रविवार. फाटकाशी पोचलो तर पावनी आधीच बाहेर उभी. मला वाटलं बागेत जायचं म्हणेल. तिनं माझा हात धरला आणि शेजारच्या घराची बेल वाजवली. "नमस्ते आंटी, हे माझे पप्पा. हत्ती यांनीच केला." मग पुढचं घर. मग त्याच्या पुढचं. नवरात्रात बाहुल्या बघून गेलेलं एकही घर तिनं सोडलं नाही. प्रत्येक दारात तेच वाक्य, तेवढ्याच मोठ्या आवाजात, आणि प्रत्येक घरात कॉफी. आई, या गल्लीत मी तोंड लपवून यायचो. आज लेक मला हाताला धरून दारोदार दाखवत होती. पहिल्या दोन घरांत मान खाली होती. नंतर वर कधी आली ते मला कळलं नाही.

कोपऱ्यावरच्या घरात वेदवतीबाई म्हणून निवृत्त शिक्षिका आहेत. त्या म्हणाल्या, आमच्या बाळकृष्णाचा पाळणा आपोआप हलता करून द्याल का? आत्ताच माप घ्या, आलाच आहात तर. सवयीनं माझा हात खिशात गेला, टेप निघाला. तो मी उलगडायच्या आत पावनीनं काढून घेतला.

"आंटी, उद्या बोलवा," ती म्हणाली. "दुसऱ्या रविवारी माझे पप्पा काम करत नाहीत."

टेप मी तिच्याकडंच राहू दिला. दुसरा आणीन.

तुझा,
विक्रांत